फेरफाराची सुनावणी: पहिल्यांदाच पेशीला जाणाऱ्यांसाठी

वडील गेले की वावरावर वारसांची नावं चढवावी लागतात; सातबाऱ्याच्या नोंदीतल्या या बदलालाच फेरफार म्हणतात. घरातले सगळे एकमताचे असले तर हे काम सुनावणीशिवायच उरकतं. पण एखादं नाव गाळलं गेलं किंवा कोणी हरकत घेतली की प्रकरण सुनावणीला, म्हणजे पेशीला लागतं. मग कोर्टकचेरी कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातात शिक्का मारलेली नोटीस पडते आणि घरात कोणालाच कळत नाही की आता नेमकं करायचं काय.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात वाढले, सासर वर्धा जिल्ह्यात. वडिलांच्या शेतावर आम्हा बहिणींची नावं लागावीत म्हणून मंडळ अधिकाऱ्यापासून उपविभागीय अधिकाऱ्यापर्यंतच्या सुनावण्यांना मी स्वतः उभी राहिले. तेव्हा जे कोणी नीट सांगितलं नाही ते इथे क्रमानं लिहिते. उदाहरण वारस फेरफाराचं आहे, पण फेरफार खरेदीचा असो, मृत्युपत्राचा असो की वाटणीचा, रीत बहुतेक हीच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. सुनावणी घेणारा अधिकारी फाइल बघून निकाल लिहितो. तुमचं म्हणणं सोळा आणे खरं असलं तरी ते कागदावर येऊन फाइलीला लागलेलं नसेल, तर निकालात त्याचा उल्लेखही येणार नाही.

१. समोर बसलेला अधिकारी काय ठरवू शकतो, ते आधी समजून घ्या

हा अधिकारी न्यायाधीश नाही. तो महसूल खात्याचा अधिकारी आहे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्यानं त्याला वाद ऐकून निर्णय द्यायचा अधिकार दिला आहे. यालाच अर्धन्यायिक काम म्हणतात. तो साक्षीदाराला समन्स काढू शकतो, कागद मागवू शकतो, जबाब घेऊ शकतो, मौक्यावर जाऊन पाहणी करू शकतो. दुसऱ्या बाजूला त्याच्यावर बंधनंही आहेत. दोन्ही बाजूंना नोटीस दिली पाहिजे, दोघांचं ऐकलं पाहिजे आणि निकालात कारणं लिहिली पाहिजेत.

फेरफाराची नोंद तलाठी घेतो. (२०२४ मध्ये सरकारनं या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं, गावात मात्र अजून पटवारीच म्हणतात.) ती नोंद प्रमाणित किंवा रद्द करण्याचं काम मंडळ अधिकाऱ्याचं. हरकतीचं प्रकरण अव्वल कारकुनाच्या दर्जापेक्षा खालच्या माणसानं चालवायचं नाही आणि शक्यतो एका वर्षात निकाली काढायचं, असं संहितेच्या कलम १५० मध्येच लिहिलं आहे. तारखांवर तारखा पडू लागल्या तर या वर्षाच्या मुदतीची आठवण लेखी अर्जानं करून द्या.

आता सगळ्यात जास्त गैरसमज जिथे होतो ते. फेरफाराच्या सुनावणीत मालकी ठरत नाही. सातबाऱ्यावरची नोंद ही महसुली नोंद आहे. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानली जाते (कलम १५७), पण तिच्यामुळे कोणी मालक होत नाही आणि ती नाही म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे वारंवार सांगितलं आहे. मृत्युपत्र खरं की खोटं, तोंडी वाटणी झाली होती की नव्हती, असे वाद दिवाणी न्यायालयाचे. सुनावणीत ते सुटतील या आशेवर वर्षं घालवू नका. गरज असेल तर दिवाणी दावा वेगळा टाकावा लागतो. जमीन विकली जाण्याची भीती असेल तर मनाई हुकूमही तिथेच मागावा लागतो.

पांदण (शेताकडे जाणारी वाट) अडवली, धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) जायला रस्ता देत नाहीत, पाण्याचा ओघ वळवला, ही प्रकरणं वेगळी. ती तहसीलदारासमोर चालतात. पहिल्यापासून चालत आलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज होतो आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा लागतो. धुऱ्यावरून नवा रस्ता हवा असेल तर महसूल संहितेचं कलम १४३. अर्जात कलम चुकलं की विरोधी बाजू पहिला आक्षेप त्यावरच घेते.

२. नोंद कुठवर आली आहे ते तपासा

सुनावणीच्या बऱ्याच आधी घोळ झालेला असतो. पटवाऱ्यानं फेरफार घेतला की त्याची नोटीस चावडीवर लागते, हितसंबंध असलेल्यांना पाठवली जाते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या बहिणीला चावडीवरचा कागद दिसणार कसा? त्यासाठी महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की त्या गावात कोणत्या फेरफाराची नोटीस चालू आहे ते दिसतं. मोबाइलवर होतं, पैसे लागत नाहीत. घरात कोणी वारलं असेल तर पुढचे काही महिने हे नियमानं बघत जा.

नोंद बघताना फक्त ‘माझं नाव आहे ना’ एवढ्यावर थांबू नका. नाव कुठे आहे ते बघा. भावांची नावं भोगवटादार (जमिनीचा नोंदलेला धारक) म्हणून आणि बहिणींची ‘इतर अधिकार’च्या रकान्यात, असा प्रकार जागोजागी आढळतो. बघणाऱ्याला वाटतं नाव तर लागलं. पण विक्री, कर्ज, नुकसानभरपाई, पीकविमा हे सगळं भोगवटादाराच्या नावानं चालतं. दुसरा प्रकार ‘ए.कु.मॅ.’चा. म्हणजे मोठ्या भावाचं एकट्याचं नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लावलेलं असतं. पुढच्या पिढीत ती तीन अक्षरं कुठल्या तरी नोंदीत गळतात आणि तो एकटाच मालक दिसू लागतो.

३. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या

पटवाऱ्याला फोनवर किंवा पारावर सांगितलेली हरकत ही हरकत नव्हे. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर सही, तारीख आणि शिक्का घ्या. हरकत आली की तलाठ्यानं तिची विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत नोंद करायची आणि लगेच लेखी पोच द्यायची, हे कायद्यानं त्याच्यावर बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर तीच हरकत तहसील कार्यालयाच्या आवक शाखेत द्या आणि एक प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पाठवा.

मजकूर साधा ठेवा. घरातला इतिहास लिहायची ही जागा नाही. एवढं पुरतं:

“मी मयत खातेदार यांची मुलगी असून वर्ग एकची वारस आहे. फेरफार क्रमांक ____ मध्ये माझे नाव वगळले आहे. मी कोणतेही नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेले नाही. माझे नाव इतर वारसांबरोबर भोगवटादार सदरी घ्यावे. मला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय नोंद प्रमाणित करू नये. यापुढील नोटीस खालील पत्त्यावर पाठवावी.”

शेवटचं वाक्य गाळू नका. नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते, घरातलं कोणीतरी घेतं, कागदावर ‘तामील झाली’ असा शेरा पडतो आणि तुम्ही गैरहजर म्हणून प्रकरण एकतर्फी चालतं. सासरचा पूर्ण पत्ता आणि मोबाइल नंबर प्रत्येक अर्जावर लिहा.

४. कागद

खालचे कागद पेशीच्या आधी हातात हवेत:

- चालू सातबारा आणि ८-अ (खात्याचा उतारा), डिजिटल सहीचे
- वादातल्या फेरफाराची नक्कल आणि त्याला जोडलेल्या कागदांच्या नकला (वारसांचा अर्ज, जबाब, प्रतिज्ञापत्र)
- जमीन वडिलांकडे कशी आली ते दाखवणारे जुने फेरफार
- १९५४-५५ चा अधिकार अभिलेख
- मृत्यूचा दाखला
- वंशावळ, प्रतिज्ञापत्रावर
- शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा

विदर्भ १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि मग मध्य प्रदेशात होता. त्यामुळे आपल्याकडचं जुनं दफ्तर पश्चिम महाराष्ट्रापेक्षा वेगळं आहे, आणि तिकडचे लोक सांगतात ते कागद इथे मिळतीलच असं नाही. आपल्याकडे जमिनीचं मूळ दाखवायला १९५४-५५ चा अधिकार अभिलेख फार उपयोगी पडतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करून तो मिळतो. अर्ज वेळेवर करा, जुनं दफ्तर शोधायला कर्मचाऱ्यांना वेळ लागतो.

नावाच्या फरकानं बायकांची प्रकरणं सगळ्यात जास्त अडकतात. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव नि आडनाव, आधारवर नवऱ्याचं, सासरी हाक मारायचं नावही कधी तिसरंच. समोरचा सरळ म्हणतो, ‘ही तीच कशावरून?’ यासाठी ‘दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच’ असं प्रतिज्ञापत्र करा आणि त्याला दाखला, आधार, लग्नाचं प्रमाणपत्र जोडा. पेशीला निघायच्या आधीच हे काम उरकलेलं असावं.

हक्कसोडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. पटवाऱ्यापुढे साध्या कागदावर ‘आमची काही हरकत नाही’ अशी सही दिल्यानं हक्क सुटत नाही. पण तो कागद फाइलीत राहतो आणि तुमच्याविरुद्ध वाचला जातो. म्हणून तेरवीच्या गर्दीत, पाहुणे बसलेले असताना, ‘इथे सही कर, पटवाऱ्याकडे द्यायचं आहे’ म्हणून पुढे आलेल्या कागदावर सही करू नका. वाचून करते म्हणा. कोरा कागद असेल तर अजिबात नाही.

मुलींच्या हक्काचं थोडक्यात. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी मुलाइतकीच सहहिस्सेदार आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन असेल आणि मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे, मुली सारखेच वारस. मात्र हा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. मेळघाट, गडचिरोली, झरी जामणी अशा भागातल्या आदिवासी बहिणींनी आधी जाणत्या वकिलाला विचारावं, मगच हरकतीचा मजकूर ठरवावा.

५. नोटीस आली की

नोटिशीवरच्या चार गोष्टी वहीत उतरवून ठेवा: प्रकरण क्रमांक, कलम, तारीख-वेळ आणि कोणासमोर. प्रकरण क्रमांक असेल तर पुढे सगळं शोधता येतं. वरच्या महसुली कार्यालयांतली बरीच प्रकरणं आता ई-क्यूजे कोर्ट्स या प्रणालीवर दिसतात, त्यात पुढची तारीखही कळते. तरीही निघायच्या आदल्या दिवशी कार्यालयात फोन करून साहेब आहेत का ते विचारा. सुनावणी घेणारे हेच अधिकारी अतिवृष्टीचे पंचनामे करतात, निवडणुकीचं काम बघतात. पावसाळ्यात आणि आचारसंहितेच्या काळात तारखा हमखास पुढे जातात. एसटीनं लांबून येणाऱ्याची दिवसाची मजुरी बुडते, म्हणून सांगते.

नोटीस घेणं टाळू नका. घेतली नाही म्हणून प्रकरण थांबत नाही. नोटीस दारावर चिकटवली जाते आणि ती मिळाली असंच धरलं जातं.

६. पेशीच्या दिवशी

वेळेच्या आधी पोचा आणि हजेरी कळवा. त्या टेबलावरच्या कारकुनाला प्रकरण क्रमांक सांगा, फाइल आली आहे का विचारा. बाहेर बाकावर बसून राहिलात आणि पुकारा झाला तेव्हा ऐकू आलं नाही, तर गैरहजेरी लागते.

लेखी म्हणण्याच्या तीन प्रती न्या: एक फाइलीला, एक गैरअर्जदाराला, तिसरी पोच घेऊन तुमच्याकडे. कागदांना पान क्रमांक घाला आणि वर यादी लावा. लेखी म्हणण्यात ‘यादीतला कागद ४, पान ९ बघावे’ असं लिहिलं की अधिकाऱ्याला फाइल चाळत बसावं लागत नाही. एका दिवसात अनेक प्रकरणं त्याच्यापुढे असतात. तुमच्या वाट्याला येतात ती थोडी मिनिटं.

म्हणून बोलायचं काय ते घरून ठरवून जा. ‘साहेब, मी मयताची मुलगी आहे. माझं नाव गाळलं. मी हक्कसोडपत्र दिलं नाही. नाव भोगवटादार म्हणून लावावं, एवढंच माझं म्हणणं.’ इथे थांबा. समोरून ‘हिच्या लग्नात एवढा खर्च केला’, ‘हिनं बाबांना पाहिलं नाही’ असं येईलच. मनाला लागतं, डोळ्यांत पाणी येतं. पण लग्नाचा खर्च हा कायद्यानं वाटणीचा मोबदला नाही. ‘त्याचा वारसाहक्काशी संबंध नाही, साहेब’ एवढं एकच वाक्य बोला आणि ते लेखी म्हणण्यातही असू द्या. दालनात भावाशी वाद घालू नका. बोलायचं ते अधिकाऱ्याकडे बघून बोला.

समोरच्यानं नवा कागद दिला तर लगेच त्याची प्रत मागा आणि उत्तराला तारीख मागा. तो तुमचा हक्क आहे. ‘कायले येऊन राहिली ताई दरवेळेस, जे व्हायचं ते होईन’ असं म्हणणारी माणसं कार्यालयाच्या आवारात भेटतात. त्यांचं ऐकून घरी बसू नका. ‘साहेबांशी बोलून काम करून देतो’ म्हणून पैसे मागणारेही तिथेच भेटतात. त्यांना एक रुपया देऊ नका. फी लागते ती नक्कल, कोर्ट फी स्टॅम्प आणि वकिलाची, आणि सरकारी फीची पावती मिळते.

अधिकाऱ्याचं समोरच्याशी नातं आहे किंवा तो ऐकूनच घेत नाही असं वाटलं तर दालनात आवाज चढवून उपयोग नाही. प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे वर्ग करावं, असा कारणांसह अर्ज वरिष्ठांकडे देता येतो.

७. रोजनामा वाचल्याशिवाय सही नाही

प्रत्येक तारखेला काय झालं ते रोजनाम्यात लिहितात आणि हजर असलेल्यांच्या सह्या घेतात. कोण हजर, कोणते कागद आले, पुढची तारीख कोणती हे वाचूनच सही करा. ‘अर्जदाराला काही सांगायचे नाही’ असं लिहिलेलं दिसलं तर तिथेच सांगा, दुरुस्ती करून घ्या. अक्षर लागत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. जबाबाचंही हेच. ‘प्रकरण निकालासाठी बंद’ असा शेरा पडल्यावर कागद देणं अवघड होतं, म्हणून त्याआधी तुमचं सगळं फाइलीला लागलं का ते बघून घ्या.

मध्येच तडजोड झाली तर उत्तमच. मी स्वतः भावाशी बोलणं कधी तोडलं नाही आणि इतरांनाही तेच सांगते, कारण सुनावणी संपल्यावरही दिवाळी-आखाडीला त्याच घरी जायचं असतं. फक्त तडजोड लेखी करा, अधिकाऱ्यासमोर सह्या करा, आणि हिस्सा सोडायचा किंवा बदलायचा असेल तर नोंदणीकृत दस्त करा.

८. वकील लागतो का?

सक्ती नाही. मंडळ अधिकाऱ्यासमोर साधं वारस प्रकरण स्वतः चालवता येतं. अपिलात, किंवा मृत्युपत्र मध्ये आलं असेल तर, वकील करा. पैसे नाहीत म्हणून मागे राहू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. ही मदत महसुली न्यायालयांतल्या प्रकरणांनाही आहे, जी गोष्ट गावात जवळजवळ कोणालाच माहीत नसते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन लावा.

९. निकाल विरुद्ध गेला तर

निकालाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागा. मंडळ अधिकाऱ्याच्या किंवा तहसीलदाराच्या आदेशावर कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होतं. मुदत साठ दिवसांची, आदेश मिळाल्यापासून. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात, म्हणून नक्कल अर्जाची तारीख आणि नक्कल मिळाल्याची तारीख दोन्ही जपा. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि कारणाला पुरावा लागतो. ‘माहीत नव्हतं’ एवढ्यानं भागत नाही. नोटीसच मिळाली नव्हती, हे मात्र मोठं कारण आहे, आणि तामिलीच्या कागदावर सही कोणाची आहे ते नकलेतून दाखवता येतं.

अपील केलं म्हणून खालचा आदेश आपोआप थांबत नाही. त्याच दिवशी स्थगितीचा अर्ज जोडा, नाहीतर अपील चालू असताना सातबारा बदलून मोकळा होतो.

उपविभागीय अधिकाऱ्याच्या आदेशावर पुढे जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याकडे जाता येतं. इथपर्यंत जायचं ठरवण्याआधी वकिलाला विचारा की आता दिवाणी दावाच बरा नाही का. पुष्कळ प्रकरणांत तोच बरा असतो.

१०. निकाल बाजूनं लागला तर

आदेशाची नक्कल घेऊन पटवाऱ्याकडे स्वतः जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आदेश झाला तरी त्याचा अंमल घेणारा नवा फेरफार पडावा लागतो, तो प्रमाणित व्हावा लागतो, मगच सातबारा बदलतो. अपिलाची मुदत चालू असेल तर काही ठिकाणी ती संपेपर्यंत थांबायला सांगतात. थांबावं लागलं तरी अर्ज देऊन ठेवा. नंतर महाभूमीवरून डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि तीन गोष्टी तपासा: नाव भोगवटादार सदरी आहे का, नावाचं शुद्धलेखन आधारशी जुळतं का, आणि सगळे गट क्रमांक आले का. दोन शिवारांत वावर असेल तर एका गावचा अंमल होतो आणि दुसऱ्या गावचा राहून जातो. लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो, त्यासाठी पुन्हा अपिलात जावं लागत नाही.